वरातीसाठी टप कापलेली १९६९ची फियाट परत बंद करायचीय

पंचगंगेचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. आमच्या थोरल्या काकांची १९६९ची फियाट ११०० डी, म्हणजे डिलाइट, पुढे जिची पद्मिनी झाली तीच. काकांनी कधीच विकली होती, नंतर ती एका बॅण्डवाल्याकडे वरातीला फिरायची, गेल्या दिवाळीत शोधून परत आणली. पण हाल बघवत नाहीत ओ. कुठल्याशा गॅरेजात टप कापून ओपन केलीय, पुढच्या काचेची चौकट तेवढी उभी, मागचं सगळं साफ. टप पेलणारे मधले पिलर (दारांमधले उभे खांब) काचेच्या रेषेपर्यंत छाटलेत, मागची दोन्ही दारं पट्ट्या मारून कायमची बंद, आणि मागचं सीट वीतभर उचलून नवरानवरीचं सिंहासन, खाली चक्क लाकडी फळी. मडगार्डवर स्क्रू ड्रायव्हरने ठोकलं तर लांबीची, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुट्टीची, खपली निघाली, भाकरीएवढी जाड. इंजिन मात्र ठणठणीत, १०८९ सीसीचं, अर्ध्या सेल्फवर चालू होतं.
आमच्या इथला डेंटर म्हणतो १८ गेजचा पत्रा वाकवून दोन दिवसांत टप टाकतो, ३५ हजार दे. हे करू का जुना टप शोधू? हां आणि ड्रायव्हरचं दार जरा उचलून लावावं लागतं, बिजागरीची पिन बदलली तरी तसंच.

लांबीवाला_काका:
टपाचं नंतर बघू रे बाबा. दार उचलून लावावं लागतं हे तू शेवटी जाता जाता लिहिलंयस, माझा जीव तिथंच अडकला. जीपला खाली वेगळी चेसिस असते, वरचं हूड काढलं काय ठेवलं काय, फरक पडत नाही. फियाटला चेसिस वेगळी नाहीच, तळ, दाराखालच्या पट्ट्या, पिलर आणि टप मिळूनच गाडी उभी राहते. तेलाचा पंधरा किलोचा डबा घे, वरचं झाकण कापून टाक आणि बाजू दाबून बघ, मग कळेल मी काय म्हणतोय. टप गेला की सगळा भार दाराखालच्या पट्ट्यांवर येतो, त्या गंजलेल्या असल्या की गाडी मधे बसते, आणि मधे बसली की दाराची फट वर अरुंद नि खाली रुंद होते. पिन बदलून काय होणार?
आता या अवस्थेत तू नवा टप वेल्ड केलास तर गाडी वाकडीच्या वाकडी पक्की होईल, मग देव आला तरी दार नीट लागायचं नाही. आधी फटी मोज, दोन्ही बाजूंच्या, वर आणि खाली. मग गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर ठेवून दाराच्या चौकटीत कर्ण मोज, डावा-उजवा. मग दाराखालच्या पट्टीला मधोमध लाकडाचा ठोकळा देऊन जॅक हळूच लाव, फट बदलली तर समज की खालचं मेलंय. आकडे टाक इथं.
आणि तो १८ गेजवाला... १.२ मिमी पत्रा टपाला लागतो होय? २० गेजसुद्धा, म्हणजे त्याहून पातळ, बास झाला. शिवाय फियाटचा टप दोन्हीकडून फुगीर आहे, हाताने वाकवून तो फुगवटा येत नाही, मग येते लांबी. तुझ्याकडे भाकरी आहेच, अजून पोळी कशाला.

काळीपिवळीचा_नातू:
काकांना अनुमोदन. आमच्या आजोबांची दादरला टॅक्सी होती म्हणून एवढंच सांगतो, जुना टप शोधाच पण टॅक्सीचा घेताना डोळे उघडे ठेवा. पद्मिनीची बॉडी मुळात तीच, बदलत गेलं ते ग्रिल, लाइट, डॅशबोर्ड वगैरे. पण टॅक्सीच्या टपाला कॅरियर असायचं, ते पाणी जायच्या पन्हाळीला आवळायचे, त्यामुळे पन्हाळी चेपलेली आणि तिथंच आतून गंज. पिवळ्या रंगाखाली काय आहे ते चुंबक फिरवून बघा, चिकटला नाही की लांबी. आणि आता टॅक्सी तरी कुठे राहिल्यात, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला पासिंग झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ला रस्त्यावरून गेली, नंतर भंगारवाल्यांनी पण भाव वाढवले.
कापताना टपाच्या काठाने कापू देऊ नका! पिलर जमतील तितके खालपासून घ्या, जास्तीचं नंतर छाटता येतं, कमी पडलं की बसा बोंबलत. सगळे जोड एकाच उंचीवर ठेवू नका, आणि पिलरच्या आत पत्र्याची बाही घालून मगच वेल्ड.

फाईलवाली_ताई:
पत्र्यातलं मला कळत नाही, कागदाचं सांगते. दादा, तुमच्या आरसीवर बॉडी सलून, म्हणजे बंद टपाची, असणार आणि गाडी ओपन आहे, कंपनीच्या मूळ रूपात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही. परत बंद करताय ते चांगलंच. गाडी पन्नास वर्षांवरची आहे म्हणजे २०२१च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंद मागता येते, त्यात नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २० हजार फी, दहा वर्षं मुदत. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, बॉडी शेल, चेसिस, इंजिनात फेरफार नको. कापलेल्या टपाने तर अर्जच करू नका. कामाचे फोटो आणि बिलं जपा, आणि आरटीओत आधी तोंडी विचारून या. रोज ऑफिसला न्यायची असेल तर व्हिंटेजच्या फंदात पडू नका, त्या नोंदीवर रोजच्या वापराला परवानगी नाही.

पंचगंगेचा_पाहुणा:
काका मोजलं. ड्रायव्हर साइड वर ३ मिमी, खाली ९. डावीकडे ४ आणि ७. कर्णात ११ मिमीचा फरक. जॅक लावला तर दार आपोआप लागलं आणि पट्टीतून गंजाचा भुगा पडला ढीगभर 😭

लांबीवाला_काका:
रडू नको, आता निदान रोग कळला. क्रम असा ठेव. जॅकने फटी सारख्या कर, मग दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरके टेकू वेल्डिंगच्या टाक्यांनी जोड, आणि ते शेवटपर्यंत काढायचे नाहीत, डेंटर मधे येतात म्हणून कुरकुर करेल, करू दे. मग दाराखालच्या पट्ट्या एका वेळी एकच बाजू, बाहेरची आणि आतली दोन्ही. मागची दारं सोडव. त्यानंतर टप नुसता ठेवायचा, क्लॅम्पने, आणि पुढची-मागची काच रबरासकट बसवून बघायची, चारी दारं लावून बघायची, मगच सीओटू वेल्डिंग, गॅसच्या ज्योतीचं वेल्डिंग अजिबात नको, पत्रा तापून लाटा मारतो. एक टाका इथं, दुसरा पार तिकडं, मधे चहा प्यायचा. आतून प्रायमर आणि सीलंट विसरलास तर दोन पावसाळ्यांत परत इथंच येशील.

पंचगंगेचा_पाहुणा:
डेंटरला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाला दोन दिवसांचे दोन महिने धरा. चालतंय.
टप मिळालाय बहुतेक, मिरजेजवळ एका मळ्यात पद्मिनीचं धूड आहे, टॅक्सी नव्हती, पन्हाळी सरळ, चुंबक सगळीकडे चिकटला. आत कोंबड्या आहेत. मालक म्हणतात टप न्या, पैसे नकोत, पण कोंबड्यांना पावसाच्या आत छप्पर घालून द्यायचं. तिथं आमच्या डेंटरचा १८ गेजचा पत्रा लावतो.