सेंद्रिय शेतीला अनुदानाआधी संशोधन द्या

वाफसा: सेंद्रिय शेतीचं उत्पादन कमीच, हा निकाल आपण फार लवकर देतो. सेंद्रिय रानात पेरलं जाणारं बहुतेक बियाणंसुद्धा भरपूर खत दिलेल्या वाफ्यांत निवडलेलं असतं. लवकर पान पसरून तण दाबणारी, खोल मुळांची वाणं त्यात मागे पडतात. अनुदानापेक्षा सेंद्रिय रानासाठी वाणं निवडण्याचं हे काम आधी व्हायला हवं.

शंकासूर: बियाणं बदलून नत्राचं, म्हणजे पिकाला लागणाऱ्या नायट्रोजनचं, गणित बदलत नाही हो. हेक्टरी १०० किलो नत्राला युरिया साधारण २१७ किलो लागतो. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे २० टन! त्यातलंही पहिल्या हंगामात पिकाला थोडंच लागू होतं. एवढी जनावरं आणायची कुठून? श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली आणि वर्ष संपायच्या आत बंदी गुंडाळली. भाताचं उत्पादन कोसळलं ते कोसळलंच.

वाफसा: ते उदाहरण तर माझ्याच बाजूचं. फतवा आधी, तयारी शून्य. आणि नत्र काय फक्त शेणातून येतं? ताग, धैंचा अशी हिरवळीच्या खताची पिकं जमिनीत गाडतातच की लोक. पण कुठल्या जमिनीत ते पुढच्या पिकाला ऐन गरजेच्या वेळी किती मिळतं, हे मोजायला वर्षं लागतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक शेतीचे शेजारी-शेजारी प्लॉट चालू आहेत. २१ वर्षांचे आकडे: सेंद्रियचं उत्पादन २० टक्के कमी, पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी. तीन वर्षांच्या प्रकल्पात मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या अवशेषांतला कार्बन, जागचा फारसा हलतही नाही.

तणकट: संशोधन हवं, मग तुमचीच मंडळी चाचणीला का बिचकतात? जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) सोडलं, काडीकचरा पसरून आच्छादनही केलं, पीक तरारलं. श्रेय कुणाचं? शेजारी नुसतं आच्छादन केलेला एक पट्टा ठेवा म्हटलं की राग येतो.

शंकासूर: बरोबर बोललात! आणि २० टक्के तूट म्हणजे तेवढ्याच धान्याला २५ टक्के जादा जमीन. ती जंगल तोडूनच ना?

वाफसा: तूट कायमची धरलीत, म्हणून जंगल आलं. तणकट, पट्ट्याचं मान्य, ठेवलाच पाहिजे. पण एका रानातला एक पट्टा पुरावा होत नाही. तोच प्रयोग अनेक जमिनींत, वर्षानुवर्षं करावा लागतो. धैंचाची पुडी बांधून फारसा नफा होत नाही, म्हणून कंपन्या यात पैसा घालणार नाहीत. सरकारी तिजोरीच उघडावी लागेल.