फ्रँकोफोनी खेळांत आपल्या पैलवानाला प्रवेश आहे काय?

खानापूर तालीम: फ्रेंच भाषेच्या देशांच्या खेळांत वाळूवरची कुस्ती असते म्हणे. आमची पोरं लाल मातीत तयार झालीत, मॅटवरही खेळतात. फ्रेंचचा कोर्स केला तर प्रवेश मिळतो काय? नियम कितपत वेगळे?

वडगावकर: भाषेवर नव्हे, देशावर ठरतं. फ्रँकोफोनी या फ्रेंच भाषेच्या देशांच्या संघटनेच्या सभासदांचीच पथकं येतात आणि भारत सभासद नाही. अल्जीरियात फ्रेंच सर्रास चालते, तरी तोही सभासद नाही. उलट कॅनडाची तीन पथकं उतरतात: कॅनडा, आणि क्वेबेक, न्यू ब्रन्सविक हे तिथले दोन प्रांत. १९८९ ला मोरोक्कोत सुरुवात झाली, नववे खेळ २०२३ ला काँगोतल्या किन्शासात झाले. गायन, कथाकथन, चित्र, शिल्प यांनाही खेळाडूंसारखीच सुवर्ण, रौप्य, कांस्य पदकं असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. फ्रेंच जरूर शिका, पण प्रवेशाच्या आशेनं फी भरू नका.

निपाणी आखाडा: कुस्तीचं मी सांगतो. तिथं फ्रीस्टाइल मॅटवर आणि आफ्रिकन कुस्ती वाळूवर. फ्रीस्टाइल तुमच्या ओळखीचीच. आफ्रिकन कुस्तीत मात्र आपला गडी लगेच फसेल. आपल्यात खांदे टेकेपर्यंत चितपट नाही, पालथा पडून जीव वाचवता येतो. पश्चिम आफ्रिकेच्या पद्धतीत पाठ टेकली की हार, आणि दोन हात, दोन गुडघे एकदम टेकले तरी हारच. म्हणजे घिस्सा आणि जमिनीवर खाली खेळायचे सगळे डाव बाद. गुडघ्यावर बसून पट काढायची, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायची सवय असेल तर ती आधी मोडा. समोरच्यानं मानेवर भार टाकला की हात आपोआप खाली जातात, तिथंच कुस्ती संपते. ढाक (कंबरेवरून फेक), टांग (पाय घालून फेक), उभ्यानं एकेरी पट, हे घोटा.

खानापूर तालीम: समजलं. प्रवेश नसला तरी डाव शिकायचे आहेत. सराव तालमीतल्या मातीच्या हौद्यातच केला तर?

निपाणी आखाडा: नको. तेल, ताक, हळद घालून मळलेली माती पायाला धरून ठेवते. सुकी वाळू सरकते, त्यामुळं फिरून मारायची ढाक अर्ध्यात अडकते. वेगळी जागा आखून वीतभर सुकी वाळू टाका, खडे चाळून काढा. पाऊल छोटं ठेवा, कंबर आधी आत घाला, मग फिरा. गुडघा टेकला की लढत तिथंच थांबवा, म्हणजे सवय मोडेल.