अनुभव धागा: चॅनलवरचे चेहरे बदलले, आता प्रेक्षकाने काय करायचं?

निळी पट्टी (धागाकर्ती)

३० नोव्हेंबर २०२२ ला रवीश कुमार यांनी एनडीटीव्ही सोडली. आदल्याच दिवशी चॅनलचे संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय आरआरपीआर होल्डिंगच्या (एनडीटीव्हीची प्रवर्तक कंपनी) संचालक मंडळातून बाहेर पडले होते. जानेवारीत श्रीनिवासन जैन गेले. २०२५ मध्ये राहुल कंवल मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य संपादक म्हणून आले. त्याही आधी, २०१४ मध्ये नेटवर्क १८ (सीएनएन-आयबीएन, आयबीएन लोकमत यांचा समूह) रिलायन्सकडे गेल्यावर राजदीप सरदेसाई आणि सागरिका घोष बाहेर पडले होते, आणि आपल्याकडे आयबीएन लोकमतमधून निखिल वागळे.

दर वेळी प्रेक्षकांचं ठरलेलं वाक्य: "आजपासून हे चॅनल बंद." बंद म्हणजे नेमकं काय केलं आणि ते चॅनलपर्यंत पोचलं का, हे मात्र कुणी सांगत नाही. टीआरपी, केबल, तक्रारी, न्यूजरूम यांतलं ज्यांना कळतं त्यांनी लिहा. कोण विकला गेला आणि कोण ताठ राहिला यावर ढिगाने धागे आहेत, ते इथे नको. स्वतःच्या कहाण्याही नको. कामाचं तेवढं लिहा.

मीटरमास्तर

आपण रिमोट दाबला की टीआरपी पडतो, हा समज आधी डोक्यातून काढा.

टीआरपी मोजणारी संस्था म्हणजे बार्क. तिची मीटरं देशभरात साधारण ५५ ते ५८ हजार घरांत आहेत. टीव्ही असलेली घरं २१ कोटींच्या पुढे. म्हणजे एक मीटरघर साडेतीन-पावणेचार हजार घरांच्या वतीने बोलतं. प्रत्येक चॅनलच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे मीटर पकडतं. समोर कोण बसलंय हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण दिलेलं असतं. तुमच्या घरी ते बटण नसेल, तर तुम्ही रात्री नऊला काय लावता आणि काय रागाने बंद करता याची कुठेही नोंद होत नाही.

दुसरी गोष्ट बातम्यांपुरती. टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर १५ ऑक्टोबर २०२० ला बार्कने बातम्यांच्या चॅनलांचे आकडे देणं थांबवलं. १७ मार्च २०२२ ला ते परत सुरू झाले, पण चार आठवड्यांची सरासरी म्हणून. याचा परिणाम हिशोबात बघा. तीन आठवडे १०० प्रेक्षक, चौथ्या आठवड्यात लाडका अँकर गेला आणि ६० उरले. प्रत्यक्ष घट ४० टक्के. छापून येणारी सरासरी ९०, म्हणजे घट १० टक्के. पूर्ण ६० चा आकडा दिसायला आणखी तीन आठवडे राग टिकावा लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात निवडणूक किंवा क्रिकेट आलं की लोक परत येतात. मार्केटिंगवाले याच मुदतीवर बसलेले असतात.

एनडीटीव्हीची तर वेगळीच गंमत. अदानी समूहाने एनडीटीव्ही ताब्यात घेण्याचा व्यवहार २३ ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाला. त्याच्या काही महिने आधीच एनडीटीव्ही बार्कच्या मोजणीतून बाहेर पडली होती, आणि मीटरघरं फार कमी आहेत हेच त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे रवीश गेल्यावर "टीआरपी कोसळला" असे जे आकडे तेव्हा फिरत होते, ते कुठून काढले हे एकदा विचारून बघा.

मराठीत आकडे बहुतेकदा महाराष्ट्र-गोवा, वय १५ च्या पुढे, अशा तुकड्यात बघतात. तुकडा जितका लहान, तितकी चढउतारात निव्वळ योगायोगाची भर जास्त. दोन मराठी चॅनलांमधला अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे काहीच नाही, बॅनर कितीही मोठा लावोत.

सेटटॉप सांगलीकर

मास्तर म्हणाले ते बरोबर, आता केबलची बाजू. गिऱ्हाईक फोन करतं, "ते चॅनल काढा." मी विचारतो, फुकटातलं काढू की पैशातलं? फोनवर शांतता.

बातम्यांची बरीच चॅनलं फ्री टू एअर आहेत. ती काढून बिल एक रुपयाने कमी होत नाही आणि चॅनललाही एक रुपया कमी मिळत नाही, कारण तुमच्याकडून त्याला काही जातच नव्हतं. त्याचं पोट जाहिरातींवर. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची (दूरसंचार नियामक) नवी पद्धत आली तेव्हा नेटवर्क शुल्क १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होतं. त्यात आधी १०० चॅनलं होती, पुढे २०० झाली. फ्री चॅनल काढलं की पॅकमधली एक जागा रिकामी होते, एवढंच.

पैशाचं चॅनल असेल तर फरक पडतो, पण ते बहुतेक वेळा गुच्छात येतं. क्रम असा: आधी ॲपवर किंवा ऑपरेटरकडून आपल्या पॅकची यादी काढा. चॅनल सुटं घेतलंय की गुच्छात आलंय ते बघा. सुटं असेल तर तेवढंच काढायला सांगा. गुच्छात असेल तर आख्खा गुच्छ सोडावा लागतो आणि त्यातली हवी ती चॅनलं सुट्या दराने परत घ्यावी लागतात. इथेच गाडी अडते. एकाच समूहाची मालिकांची, सिनेमाची आणि बातम्यांची चॅनलं एका गुच्छात असली की सुट्यांची बेरीज गुच्छापेक्षा महाग पडते, आणि संध्याकाळी सातची मालिका गेली म्हणून घरातून जो आवाज होतो त्यापुढे कुठलाही अँकर टिकत नाही. तीन दिवसांत गुच्छ परत चालू.

लँडिंग पेजही लक्षात ठेवा. बॉक्स चालू केल्या केल्या जे चॅनल आपोआप लागतं, त्या जागेसाठी चॅनलवाले पैसे मोजतात. तुम्ही चॅनल काढलंत तरी ते तिथे दिसू शकतं. घरात डोळ्यासमोर नकोच असेल तर पालक-कुलूप लावून पिन बदला. आजोबांना पिन सांगू नका.

डिशवरचा कावळा

दूरदर्शनच्या फ्री डिशवाल्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये. पॅक नाही, बिल नाही, काढायला काही नाही. तिथल्या जागा प्रसार भारती लिलावात विकते. तुमच्या हाती फक्त कुलूप.

नियम सहा

तक्रारीबद्दल लिहितो. बहुतेक तक्रारी पहिल्याच वाक्यात बाद होतात. "अमक्याला का घेतलं, तमक्याला का काढलं" ही तक्रार कुठेच बसत नाही. कुणाला नोकरीवर ठेवायचं हा चॅनलचा प्रश्न. तक्रार दाखवलेल्या कार्यक्रमाची लागते, त्यात कार्यक्रम संहितेचा (केबल टीव्ही नियम १९९४, नियम ६) किंवा चॅनलच्या संघटनेच्या आचारसंहितेचा भंग झाला, असं दाखवावं लागतं. नवा अँकर आवडत नसेल तर त्याच्या कार्यक्रमातली नेमकी चूक पकडा.

काय लिहायचं: चॅनल, कार्यक्रमाचं नाव, तारीख, सुरू होण्याची वेळ, आक्षेपार्ह भाग कितव्या मिनिटाला, बोललेले शब्द जसेच्या तसे, संहितेतलं कलम, आणि काय हवं (दुरुस्ती, माफी, व्हिडिओ काढणं). एका तक्रारीत एक प्रसारण. आठवड्याभराचा राग एका पत्रात कोंबला की उत्तर येतं, "सर्वसाधारण स्वरूपाचे आक्षेप".

पायऱ्या तीन. पहिली चॅनलकडेच, वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो. एनबीडीएसएकडे (एनबीडीए या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची स्वनियमन संस्था) पुढे जायचं असेल तर प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत ही पहिली तक्रार गेलेली हवी. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. दिवाळीचा कार्यक्रम, तक्रार तुळशीच्या लग्नानंतर. २०२१ च्या नियमांप्रमाणे चॅनलने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर दोन आठवड्यांच्या आत दुसरी पायरी, स्वनियमन संस्था. तिसरी पायरी केंद्र सरकारची यंत्रणा.

दुसऱ्या पायरीआधी चॅनल कोणत्या संघटनेत आहे ते बघा. एनबीडीएसए फक्त एनबीडीएच्या सदस्यांचं ऐकून घेते. न्यूज ब्रॉडकास्टर्स फेडरेशनची संस्था वेगळी आहे. चुकीच्या दारात गेलात की मुदत संपते. चॅनलला रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं, पण त्यावर विसंबू नका. स्वतःची लिंक, स्क्रीनशॉट आणि शब्दशः उतारा त्याच रात्री करून ठेवा, कारण यूट्यूबवरचा भाग सकाळी कापलेला असू शकतो.

दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये आहे आणि ती अपुरी असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बोलून दाखवलं होतं. व्हिडिओ काढायला लावणं हे दंडापेक्षा जास्त झोंबतं, म्हणून मागणीत ते आवर्जून लिहा.

एडिसनकर

अमेरिकेत हा खेळ जास्त उघड्यावर चालतो, म्हणून दोन प्रसंग.

२४ एप्रिल २०२३ ला फॉक्स न्यूजने आपले गाजलेले अँकर टकर कार्लसनना काढलं. रात्री आठचा प्रेक्षक तीस लाखांच्या आसपास होता, तो थोड्याच दिवसांत निम्म्यावर आला आणि न्यूजमॅक्स या स्पर्धक चॅनलचा त्याच वेळेचा कार्यक्रम वर चढला. १७ जुलैला तिथे जेसी वॉटर्स बसले आणि आकडे बरेचसे भरून निघाले. प्रेक्षकाला सवय वेळेची असते, हे फॉक्सला माहीत होतं. शिवाय इथे केबलच्या प्रत्येक घरामागे फॉक्सला महिन्याला दोन डॉलरच्या आसपास मिळतात, त्या घरात कुणी फॉक्स बघो न बघो. ते पैसे तोडायचे तर आख्खी केबलच तोडावी लागते.

दुसरा प्रसंग उलटा. २२ मार्च २०२४, शुक्रवार: एनबीसीने रिपब्लिकन पक्षाच्या माजी अध्यक्ष रॉना मॅकडॅनियल यांना भाष्यकार म्हणून घेतल्याचं जाहीर केलं. रविवारी एनबीसीचेच चक टॉड यांनी मीट द प्रेस या कार्यक्रमात थेट प्रसारणात वरिष्ठांना सुनावलं. सोमवारी एमएसएनबीसी या भावंड चॅनलवर सकाळी जो स्कारबरो आणि मिका ब्रझिन्स्की, रात्री रेचल मॅडो या अँकरांनीही तेच केलं. मंगळवारी नेमणूक रद्द. प्रेक्षक चिडले होतेच, पण चार दिवसांत निर्णय फिरला तो घरातल्याच अँकरांनी कॅमेऱ्यासमोर नकार दिला म्हणून. एका आठवड्याचे रेटिंग बघायलाही कुणी थांबलं नाही.

आउटपुट डेस्क

चेहरा बदलला हे सगळ्यांना दिसतं. चॅनल खरं बदलतं ते इनपुटला, म्हणजे बातम्या गोळा करणाऱ्या बाजूला. जिल्ह्यातले स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे मिळणारे बातमीदार) कमी केले, ब्युरोत दोन रिपोर्टर आणि एक कॅमेरामन उरला, ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) मुंबई-पुण्यापुरती राहिली, याची बातमी कुणी करत नाही. एक अँकर गेल्याने जेवढं बिघडत नाही तेवढं यानं बिघडतं. घरबसल्या मोजायची रीत सांगतो.

लागोपाठ पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार, एकच तास घ्या. नऊ ते दहा चालेल. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि वहीत पाच रकाने: घटनास्थळावरचा रिपोर्टर (पीटीसी म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, किंवा लाइव्ह), तयार पॅकेज (आधी जोडून ठेवलेली बातमी), फोनो (फोनवरून बोलणं), स्टुडिओतली चर्चा, जाहिराती. प्रत्येकाची मिनिटं लिहा. खाली तीन आकडे: किती वेगळी गावं दिसली, किती वेगळ्या रिपोर्टरांची नावं आली, आणि चर्चेत किती चेहरे आदल्या दिवशीचेच होते.

मोजताना चुका कुठे होतात? मागे मोठ्या पडद्यावर शहराचं चित्र लावून उभा केलेला रिपोर्टर घटनास्थळी धरला जातो. तो स्टुडिओतच असतो, वारा आणि आजूबाजूचा आवाज ऐका. एजन्सीचं फुटेज स्वतःचं म्हणून मोजलं जातं. कोपऱ्यात एएनआय किंवा पीटीआय दिसलं की वेगळी खूण करा. "लाइव्ह" ची पट्टी तर सकाळच्या दृश्यांवरही रात्री असते, सावल्या कुठे पडल्यात ते बघितलं की कळतं. आणि निवडणूक, अर्थसंकल्प किंवा मोठ्या अपघाताचा आठवडा धरू नका.

जाहिरातींना नियमाने तासाला १२ मिनिटं आहेत, १० व्यावसायिक आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांची. तुमच्या वहीत काय येतं ते बघाच. मग उरलेल्या मिनिटांवर हिशोब मांडा, साठवर नाही.

हीच मोजणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. गावं अकरावरून चारवर आली आणि चर्चा वीस मिनिटांवरून पस्तीसवर गेली, तर नव्या अँकरचा सूट कितीही चांगला असो, काय झालं ते वहीत आहे. संपादकाला पत्र लिहायचं तर हा तक्ता जोडा. "तुमचा दर्जा घसरला" या पत्राला डेस्कवर कुणी हात लावत नाही. "पाच दिवसांत विदर्भातून एकही लाइव्ह नाही" हे पत्र बैठकीत वाचलं जातं, निदान नागपूर ब्युरो तरी ते वाचून दाखवतो.

घंटी बंद

यूट्यूबपुरतं. अनसबस्क्राइबची लाट दिसत नाही, कारण सबस्क्रायबरांचा आकडा पहिल्या तीन अंकांपर्यंतच दाखवतात. सव्वा कोटीच्या चॅनलवरून नव्वद हजार गेले तरी बाहेरून आकडा तोच राहू शकतो. नापसंतीची मोजणीही नोव्हेंबर २०२१ पासून लपवलेली आहे. व्हिडिओखाली जाऊन शिव्या लिहिणं म्हणजे त्याला प्रतिसाद देणंच. व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांत "चॅनलची शिफारस करू नका" हा पर्याय आहे, तो वापरा आणि पाहिलेल्याच्या यादीतून त्या चॅनलचे जुने व्हिडिओ पुसा. रवीश यांच्या स्वतःच्या चॅनलचे सबस्क्रायबर कोटीच्या वर गेले. म्हणजे माणसामागे जाणारा प्रेक्षक असतो, फक्त तो केबलच्या मोजणीत उतरत नाही.

निळी पट्टी (धागाकर्ती)

आउटपुट डेस्क, मोजणीची रीत झकास. एक विचारायचं होतं: अमका माणूस चॅनल सोडणार अशी अफवा आली की खातरजमा कुठे करायची?

आउटपुट डेस्क

ताई, कंपनी शेअर बाजारात असेल तर संचालक आणि मुख्य अधिकाऱ्यांचे बदल बाजाराला कळवावे लागतात. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजार) साइटवर कंपनीच्या नावाने घोषणा बघा. रॉय यांचा आरआरपीआरमधला राजीनामा असाच कळला होता. अँकर आणि रिपोर्टर त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी जुना उपाय: सलग दोन आठवडे स्लॉटवर दुसराच माणूस, आणि प्रोमोमधून चेहरा गायब. एक आठवडा असेल तर रजा. प्रोमो काढला असेल तर समजा नोटीस पिरियड चालू आहे.