फणसाची वाटी : समोरासमोर उचकटलेले लाकूड, लांबट झालेला काठ आणि न वाळणारे तेल

जांबोटीकर

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने आमच्या परड्यातल्या फणसाची एक जाड फांदी मोडली. ती जळणात न घालता मधोमध उभी चिरून घेतली आणि दिवाळीनंतर एका अर्ध्या तुकड्याची सहा इंच व्यासाची, सुमारे तीन इंच उंचीची वाटी लेथवर (लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर) कातली. लेथ साधा आहे : अर्ध्या एचपीची मोटर, वेग बदलायला तीन पायऱ्यांची पुली, लाकडाला दुसऱ्या टोकाने टेकू देणारा टेलस्टॉक आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून करून घेतलेली फेसप्लेट (लाकूड स्क्रूने आवळायची चकती). लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक नाही. हत्यारांत एक गोल पटाशी, एक सपाट पटाशी आणि जुन्या कानशीचे टोक घासून केलेला, खरवडायचा स्क्रेपर, एवढेच.

पहिली अडचण अशी की वाटीच्या आतल्या अंगाला समोरासमोर दोन ठिकाणी लाकूड खडबडीत राहते. बाकीचा भाग गुळगुळीत आहे, पण त्या दोन जागी नख अडकते आणि तेल लावल्यावर तिथे काळसर डाग उमटतात. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने पुष्कळ घासले, तरी डाग जात नाहीत. उलट तेवढ्याच जागी खळगा पडू लागला आहे. दुसरी अडचण म्हणजे कातताना गोल असलेली वाटी पुढे लांबट झाली आणि काठाला एक बारीक चीर पडली. तिसरी तेलाची : घाण्यावरचे जवसाचे तेल भरपूर लावून ठेवले होते, ते अजूनही बोटाला चिकटते. वाटी घरात चटणी आणि सुकामेवा ठेवण्यासाठी वापरायची आहे.

फांदीचा दुसरा अर्धा तुकडा शिल्लक आहे. त्याला हात लावण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

लेथवाला बेळगाव

पहिल्या अडचणीचे उत्तर पॉलिशपेपरमध्ये नाही, हे आधी स्पष्ट करतो. वाटीचा पृष्ठभाग कसा दिसणार, हे हत्याराच्या शेवटच्या फिरवणीतच ठरून जाते; त्यानंतर पेपर, तेल, मेण यांनी जे होते ते फक्त आधीच्या कामाला उजाळा देणे असते. हत्याराने तंतू कापले नसून उपसले असतील, तर ते जिथून उपसले गेले तिथपर्यंत खोल जाईपर्यंत डाग राहणारच, आणि फणसात ही खोली कधी कधी एक मिलिमीटरच्याही पुढे जाते.

दोनच जागा आणि त्याही समोरासमोर का, याचे कारण तुकडा लेथवर कसा बसला आहे यात आहे. आपण चिरलेल्या अर्ध्या ओंडक्यातून वाटी काढली, म्हणजे लाकडाचे तंतू लेथच्या आसाला काटकोनात आडवे आहेत. अशी वाटी एक फेरा पूर्ण करते तेव्हा हत्यारासमोर दोनदा तंतूंची लांबी येते आणि दोनदा त्यांची टोके येतात. टोके येतात तिथे, आणि त्यांच्या लगतच्या तिरप्या पट्ट्यात, तंतूंना खालून आधार नसेल तर ते कापले जाण्याऐवजी मुळातून उचकटतात. कातताना कान दिलात तर एका फेऱ्यात दोनदा आवाज बदलतो आणि तो बदललेला आवाज नेमका त्याच जागांचा असतो. फणसाचे लाकूड त्यात आणखी भर घालते, कारण त्याचे तंतू थरागणिक उलटसुलट वळलेले असतात. मृदंगाचे खोड फणसाचे करतात ते त्याच्या नादासाठी आणि टिकाऊपणासाठी. कातणाऱ्याला मात्र हे लाकूड सहज दाद देत नाही.

उपाय दिशेचा आहे. बाहेरून कातताना हत्यार बुडापासून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे न्यावे. आतून कातताना उलट, काठापासून मध्याकडे यावे. दोन्ही वेळा ज्या तंतूवर धार चालते त्याच्या खाली त्याहून लांब तंतू आधाराला राहतो. आपण आतून मध्याकडून काठाकडे हत्यार ओढत असाल, अशी मला शंका आहे, कारण नवशिक्याला ते सोपे आणि सुरक्षित वाटते.

दुसरी गोष्ट धरण्याची. गोल पटाशीच्या धारेमागचा जो घासलेला उतार असतो, तो आधी फिरत्या लाकडाला नुसता टेकवावा. तो टेकलेला असताना काहीच कापले जाणार नाही. मग मूठ हळूहळू अशी उचलावी की धार लाकडात उतरू लागेल. उतार लाकडावर टेकून सरकत असेल तर भुसा न पडता लांब, वळलेला छिलका निघतो. भुसाच पडत असेल तर हत्यार खरवडत आहे असे समजावे. त्याच्याशी धारेचाही संबंध आहे : फणसातल्या चिकाने धार लवकर मंदावते, म्हणून शेवटच्या फिरवणीपूर्वी पटाशी ग्राइंडरवर आणि मग सहाणेवर नव्याने पाजवून घ्यावी आणि त्यानंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त लाकूड काढू नये. त्या दोन हट्टी जागांवर शेवटच्या फिरवणीआधी पाणी किंवा थोडे तेल चोळले तर तंतू मऊ पडतात आणि साफ कापले जातात.

वेगाबद्दल : वाटीचा इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार साधारण ६,००० ते ९,००० या दरम्यान ठेवण्याची पद्धत आहे. सहा इंची वाटीला त्या हिशेबाने १,००० ते १,५०० फेरे येतात, पण तुकडा ओबडधोबड आणि असमतोल असेपर्यंत पुलीची सर्वांत मंद पायरीच वापरावी. टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) लाकडाच्या शक्य तितके जवळ असावे आणि ते सरकवताना मोटर बंद असावी.

आणि एक कळकळीची सूचना. कानशीचा स्क्रेपर आजच बाजूला ठेवा. कानशीचे पोलाद फार कडक पाणी दिलेले, म्हणून ठिसूळ असते. रेस्टच्या पुढे लांब निघालेल्या टोकावर धक्का बसला की ते वाकत नाही, तुटते, आणि तुटलेला तुकडा तोंडाच्याच दिशेने येतो. तोंडावर पारदर्शक ढाल, अंगात घट्ट बाह्यांचा सदरा, आणि हातमोजे अजिबात नकोत.

निपाणीकर

लेथवाल्यांनी हत्याराचे सांगितले ते सगळे मान्य आहे. मी लाकडाच्या ओलीविषयी लिहितो, कारण आपल्या दुसऱ्या अडचणीचे मूळ तिथे आहे.

ओले लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. वार्षिक कड्यांच्या रेषेत ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते आणि तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसतच नाही. म्हणून गोल कातलेली ओली वाटी लांबट होणार, हे ठरलेलेच आहे. पावसाळ्यात पडलेली फांदी दिवाळीपर्यंत वाळत नाही, त्यातही जांबोटीच्या दमट हवेत.

ही हवेची बाब आपल्या भागात विशेष लक्षात घ्यावी लागते. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड स्वतःत सुमारे २० टक्के ओल धरून राहते. ४० टक्के असेल तर साडेसात-आठ टक्क्यांवर येते. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे श्रावणात ठेवलेले लाकूड आणि अथणीकडे चैत्रात ठेवलेले लाकूड यांत इतके अंतर पडते की जांबोटीला पूर्ण ‘वाळलेली’ म्हणून कातलेली वाटी इकडे कोरड्या भागात आणली तर पुन्हा हलते. भेट द्यायची वाटी असेल तर ती कुठे जाणार आहे, हेही विचारात घ्यावे.

शिल्लक तुकड्यासाठी दोन टप्प्यांत कातावे. आधी सगळीकडे सारखी जाडी ठेवून ढोबळ वाटी काढावी. जाडी व्यासाच्या एक दशांश, म्हणजे सहा इंचांना पंधरा मिलिमीटरच्या आसपास असावी. फांदीचा गाभा वाटीत कुठेही राहू देऊ नये, कारण चिरा बहुधा तिथूनच सुटतात. जिथे तंतूंची टोके उघडी पडतात, तिथे काठासकट वितळलेल्या मेणाचा हात द्यावा. ओल टोकांतून फार वेगाने निघते आणि तेवढाच भाग आधी आकसून चीर जाते. मग वाटी त्याच लाकडाच्या छिलक्यांसह कागदी पिशवीत घालून सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावी. किती दिवस, असे विचारू नका. तिचे वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंधरवड्याने वजन करून तारखेसह वाटीच्या बुडावरच पेन्सिलीने लिहावे आणि लागोपाठ दोन-तीन नोंदी सारख्या आल्या म्हणजे ती वाळली. पावसाळ्यात स्थिर झालेल्या वजनावर मात्र विसंबू नये, उन्हाळ्यातले बघावे.

रंगारी चिकोडी

तेल न वाळण्याचे कारण तेलात नसून ‘भरपूर’ या शब्दात आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. थर जाड असला की वरची साय धरते आणि खालचे तेल तसेच राहते; दमट, थंड हवेत तर आठवडे लागतात. आता टर्पेंटाइनमध्ये फडके भिजवून वरचा चिकटा पुसून काढावा आणि वाटी काही दिवस उजेडाच्या जागी ठेवावी. फणसाचा पिवळा रंग उजेडाने तपकिरी होत जातो, त्याला काही इलाज नाही आणि मला तर तो जुना रंगच अधिक शोभतो.

पुढच्या वेळी तेल हाताला ओले लागेल इतकेच चोळावे, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने शिल्लक सगळे पुसावे आणि तो हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये. रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) लवकर वाळते, परंतु त्यात वाळवणीसाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे खाण्याच्या भांड्याला मी घाण्याचे कच्चे जवसच सुचवतो. शेंगदाण्याचे तेल वाळतच नाही आणि पुढे खवट वास येतो. तेलाचे फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्यांच्यात आपोआप उष्णता साठून पेट घेण्याइतकी वाढते. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

पेपर १२० पासून सुरू करून १८०, २४०, ३२० असा एकही नंबर न गाळता चढावा, लेथचा वेग निम्म्यावर आणावा आणि नाकातोंडावर मास्क असावा. २४० नंतर ओला हात फिरवून लाकूड वाळू द्यावे. उभे राहिलेले तंतू ३२० ने निघून जातात आणि पुढे पहिल्या धुण्याला वाटी खरखरीत होत नाही.

सावंतवाडीचा पाहुणा

चर्चा तेलावर चालली आहे म्हणून लाखेची बाजू मांडतो. आमच्याकडे आणि कर्नाटकातल्या लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणलाही कातीव लाकडावर लाखेची कांडी फिरत्या लेथवरच दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या वाळलेल्या पानाने ती एकसारखी पसरून चकाकते. सुकामेव्याच्या वाटीला बाहेरून लाख आणि आतून तेल, असे का करू नये?

रंगारी चिकोडी

सुकामेव्याला हरकत नाही. चटणीला आहे. लाख उष्णतेने मऊ पडते, स्पिरिटात विरघळते आणि साबणाच्या धुण्याला फार दिवस पुरत नाही. शिवाय चन्नपट्टणचे काम काळा कुडा नावाच्या झाडासारख्या पांढऱ्या, बारीक पोताच्या लाकडावर उठून दिसते. फणसाची छिद्रे मोठी असतात, त्यात लाख ठिपक्याठिपक्यांनी बसते. हळदीचा डाग मात्र तेल लावलेल्या वाटीवरही पडणार, हे जांबोटीकरांनी घरात आधीच सांगून ठेवावे.

जांबोटीकर

सर्वांचे आभार. लेथवाल्या काकांची शंका खरी आहे, आतून मी मध्याकडून काठाकडेच हत्यार आणत होतो. काल एका भंगार तुकड्यावर दिशा बदलून पाहिली. छिलका लांब निघाला आणि आवाजातला तो दुहेरी ठेका पुष्कळ कमी झाला. आता एकच शंका उरते : ढोबळ वाटी वाळून लांबट झाल्यावर ती चकाशिवाय पुन्हा लेथवर मध्यावर कशी बसवायची?

लेथवाला बेळगाव

त्यासाठी ढोबळ कातताना बूड एक इंचभर जाड ठेवा आणि फेसप्लेट त्या जादा जाडीतच स्क्रूने आवळा. ओल्या लाकडावर फेविकॉल धरत नाही, म्हणून त्या वेळी चिकटवण्याच्या फंदात पडू नका. बुडाच्या नेमक्या मध्यावर टेलस्टॉकच्या टोकाची खूण करून ठेवा.

वाळल्यावर फेसप्लेटवर लाकडाची एक चकती बसवून ती वाटीच्या आत टेकेल अशी गोलसर काता, तिच्यावर रबराचा किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवा, वाटी तिच्यावर उपडी घाला आणि मागून टेलस्टॉक त्या जुन्या खुणेवर दाबा. अशा पकडीत फार जोर चालत नाही, पण स्क्रूची भोके असलेली जाडी उतरवून बूड सपाट करण्यापुरता तो पुरतो. मध्याला टेलस्टॉकपाशी जो बारीक खुंट उरेल, तो पटाशीने काढा.

मग कोरड्या लाकडाचा एक ठोकळा घ्या, बूड आणि ठोकळा यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दोन्ही बाजूंनी फेविकॉल लावा आणि रात्रभर क्लँपमध्ये दाबून ठेवा. फेसप्लेट त्या ठोकळ्याला लावली की बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून शेवटची फिरवणी करता येते. काठ आधी पुरता पातळ करून संपवावा आणि मगच खाली उतरावे. खालचे लाकूड काढल्यावर पुन्हा काठाकडे वळलात तर तो थरथरतो आणि हत्यार अडकते. भिंत सहा मिलिमीटर पुरे, बुडाला आठ ठेवा आणि खोली मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेपर मारून झाला की सपाट पटाशी कागदाच्या रेषेवर धरून हलकी टिचकी द्यावी, कागद मधून फाटतो आणि ठोकळा सुटतो. बुडाला उरलेला कागद ओल्या फडक्याने निघेल. तेल त्यानंतरच लावावे.