मदत हवी आहे: बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग रात्रीतून पुसली जाते, आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद केलं की विंडोज सापडत नाही

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉप २०१८ साली जोडलेला. आय५ ८४००, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. पुढे २४० जीबीची एसएसडी लावली आणि तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून 'आज करू, उद्या करू' चाललं होतं. शेवटी या आठवड्यात ११ टाकायला बसलो.

११ चालेल का याच्या तपासणीत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) नाही असं आलं. प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे यादीत बसतो. टीपीएम इंटेलच्या बोर्डांवर पीटीटी नावाने असतं हे माहीत होतं, म्हणून बायोसमध्ये जाऊन ते एनेबल केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं. विंडोजमध्ये टीपीएम दिसायला लागलं. खूश होऊन मशीन बंद केलं नि झोपलो. सकाळी बघतो तर पुन्हा गायब, पीटीटी परत डिसेबल्ड! असं तीनदा झालंय.

दुसरी भानगड. सिक्युअर बूटसाठी (खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) सीएसएम बंद केलं, तर मशीन विंडोजकडे जातच नाही, थेट बायोसमध्ये येऊन बसतं. स्टोरेजमध्ये एसएसडीचं नाव आहे, पण बूटची यादी कोरी. सीएसएम चालू केलं की सगळं सुरळीत.

बोर्ड गेला म्हणायचा का? फॉरमॅट मारायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे, सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं जिवावर आलंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १:
रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का? आणि सकाळी घड्याळ बरोबर असतं का?

धागाकर्ता:
बटण रोज बंद करतो. घड्याळाचं विचारलंत आणि ट्यूब पेटली. दोनेक महिने झाले, सकाळी तारीख १ जानेवारी २०१८ असते आणि ब्राउझर 'तुमचं घड्याळ मागे आहे' म्हणत एकही साइट उघडत नाही. मी हाताने तारीख बदलतो आणि कामाला लागतो. याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं वाटलंच नाही.

प्रतिसाद १:
बोर्ड ठणठणीत आहे, त्याच्यावरचा बटणासारखा सेल संपलाय. भिंतीवरचं बटण चालू असेतो एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे काही कळत नाही. ते बंद झालं की घड्याळ आणि सेटिंग दोन्हींचा भार त्या एका सेलवर. सीआर२०३२ मागा. २० म्हणजे मिलिमीटरमधला व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्टचा असतो. विजेची वायर काढूनच हात घाला, अधिकची बाजू वर ठेवा. सेल बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाखाली लपलेला असतो. कार्ड उपटू नका, स्लॉटच्या टोकाची खिट्टी आधी दाबा.

प्रतिसाद २:
सीएसएमचं कोडं वेगळं आहे. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे 'लेगसी' दिसेल. डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. तुमची एसएसडी एमबीआर पद्धतीची आहे आणि सीएसएम नसताना जीपीटी लागते. फॉरमॅटची गरज नाही. विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाची कमांड आहे. तिने आधी व्हॅलिडेट (नुसती तपासणी) करा, पास झालं तरच कन्व्हर्ट (प्रत्यक्ष बदल). आणि बॅकअप घेतल्याशिवाय दुसऱ्या पायरीला हात लावू नका.

प्रतिसाद ३:
एवढा खटाटोप कशाला? स्वच्छ फॉरमॅट मारा, तासाभरात मोकळे व्हा.

प्रतिसाद २:
विंडोज तासाभरात होतं हो, बाकीचं बसवण्यात पुढचा आठवडा जातो. त्यांनी ते नको म्हणूनच विचारलंय.

धागाकर्ता:
सेल खरंच कार्डाखाली होता. नवा घातला, रात्रभर बटण बंद ठेवलं. सकाळी तारीख बरोबर आणि पीटीटी जागेवर. पण व्हॅलिडेट नापास होतंय, 'डिस्क लेआउट' म्हणून काहीतरी तक्रार करतंय.

प्रतिसाद २:
एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी हार्डडिस्क जोडलेलीच होती ना? मग विंडोज एसएसडीवर आणि त्याला उठवणारं 'सिस्टिम रिझर्व्हड' पार्टिशन हार्डडिस्कवर, असं झालं असणार. हार्डडिस्कची केबल काढून सुरू करून बघा. विंडोज आलं नाही तर तेच. मग केबल लावून डिस्कपार्टमध्ये (पार्टिशन हाताळायची विंडोजची कमांड) सी निवडा, 'ॲक्टिव्ह' (बूट होणारं) करा, आणि बीसीडीबूट या कमांडने बूट फाइल्स सी वर लिहा. त्या कमांडच्या शेवटी '/एफ बायोस' (जुन्या पद्धतीच्या फाइल्स लिही) विसरू नका. पुन्हा केबल काढून तपासा. एकट्या एसएसडीवर विंडोज आलं की मगच व्हॅलिडेट. 'ॲक्टिव्ह' भलत्या पार्टिशनवर मारू नका, म्हणून क्रमांक दोनदा वाचा.

धागाकर्ता:
केबल काढली तर काळा पडदा! निदान अचूक. सांगितल्याप्रमाणे केलं, व्हॅलिडेट पास, कन्व्हर्ट व्हायला मिनिटभरही लागलं नाही. सीएसएम बंद केलं, तर त्या कोऱ्या यादीत आता 'विंडोज बूट मॅनेजर' अशी एक ओळ आलीय. हार्डडिस्क परत जोडली, डेटा जसाच्या तसा. सध्या ११ उतरतंय, ३८ टक्क्यांवर आहे. ८ जीबी रॅम पुरेल का, ते उद्या नव्या धाग्यात विचारतो.