पोटात गाठ निघाली, पण कॅन्सर नव्हता : तुमचा अनुभव सांगा

आईची एंडोस्कोपी ॲसिडिटीसाठी केली होती. रिपोर्टमध्ये आलं : जठराच्या खालच्या भागात दीड सेंटिमीटरची गाठ, जिस्टची (जठराच्या भिंतीतली एक गाठ, जी कॅन्सरची असू शकते) शक्यता. बायोप्सी नॉर्मल आली तेव्हा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर म्हणाले, गाठ अस्तराच्या खाली आहे, चिमट्यात नुसतं वरचं अस्तर येतं. या रिपोर्टवरून गाठीचं काही कळत नाही. त्या रात्री आई बांगड्या कुणाला द्यायच्या ते सांगत बसली.

मग एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे दुर्बीण आत घालून जठरातूनच केलेली सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून भिंतीचे पाच थर दाखवले. जिस्ट बहुतेक वेळा चौथ्या, म्हणजे स्नायूच्या थरातून निघतो; आईची गाठ तिसऱ्यात होती, आणि मधोमध बेंबीसारखा खळगा. सुईने तुकडा घेतला. रिपोर्ट आला, स्वादुपिंडाची साधी ऊती! गर्भात अवयव घडताना स्वादुपिंडाचा एखादा कण जठराच्या भिंतीत राहून जातो. तो खळगा त्याच्याच नळीचं तोंड. त्रास नसेल तर काढायचीही गरज नाही.

तुमच्याकडे कुणाला असं झालं असेल तर कोणत्या तपासणीने उलगडा झाला, ते जरूर लिहा.

• मला १९९८ साली ट्रकने उडवलं, प्लीहा फुटली म्हणून काढावी लागली. गेल्या वर्षी सीटीत जठराला चिकटून तीन गाठी दिसल्या, ऑपरेशनची तारीखही ठरली. दुसऱ्या डॉक्टरांनी पोटावरचा जुना व्रण पाहून विचारलं, हे कशाचं? प्लीहा फुटली की तिचे कण पोटात रुजू शकतात म्हणे. माझंच रक्त काढून लाल पेशी तापवल्या, त्यांना टेक्नेशियम (स्कॅनवर दिसणारं किरणोत्सर्गी द्रव्य) लावून परत सोडलं. अशा इजा झालेल्या पेशी प्लीहा गोळा करते. स्कॅनवर तिन्ही गाठी उजळल्या, ऑपरेशन रद्द. जुनं ऑपरेशन डॉक्टरांना आपणहून सांगा, कितीही वर्षं झालेली असोत.

• आमच्या हिला मात्र ऑपरेशन करावंच लागलं. सुईत पुरेसा तुकडा आला नाही, गाठ जठराच्या तोंडाशी, रोज उलट्या. काढल्यावर कळलं की स्वादुपिंडच. सर्जनना मी दोष देत नाही.

• बाबांची सुई परवा आहे. आधी काय विचारून ठेवू?

• ताई, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच फोन करून सांगा. जुने सगळे रिपोर्ट आणि सीटीची सीडी सोबत न्या.