हाऊसिंग स्टुडिओत (घरं डिझाइन करायच्या विषयात) हवामानाचं गणित कधी घ्यावं? (आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष, नागपूर)

प्रश्न
सेमिस्टर 16 आठवड्यांचं आहे. क्लायमॅटॉलॉजी (हवामानशास्त्र) दुसऱ्या वर्षाला वेगळा विषय म्हणून होते आणि तिथेच संपते. ज्युरीच्या (परीक्षकांसमोर मांडायच्या) शीटवर ऊन-वाऱ्याचे बाण असतात, पण पश्चिमेला काचच काच. गणित कुठल्या टप्प्यावर आणि किती घ्यावं?

उत्तर 1
बाणांना गुण देणं आधी थांबवा. चौथ्या आठवड्यात, प्लॅन पक्का व्हायच्या आत, गच्चीची यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचा आकडा, W/m²K मध्ये; कमी तितका चांगला) हाताने काढायला लावा. 150 मिमी आरसीसी स्लॅब आणि खालून प्लास्टर: साधारण 3.1. वर 100 मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) धरला तरी 2.2. इको निवास संहितेची (घरांसाठीचा ऊर्जाबचतीचा कोड, 2018) कमाल मर्यादा 1.2 आहे. कोब्यासोबत 25 मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोम) घातलं की 0.8 च्या आसपास येते.

मग खिडक्या. नागपूर ज्या हवामान पट्ट्यात येतं, त्याला याच संहितेनुसार कार्पेट क्षेत्राच्या (घराच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) किमान 12.5 टक्के उघडता येणारं क्षेत्र लागतं, म्हणजे 50 चौ.मी. घराला 6.25 चौ.मी. इथे मुलं हमखास चुकतात: दोन ट्रॅकची सरकती खिडकी अर्धीच उघडते, पण मोजतात पूर्ण.

उत्तर 2
छज्जाही सेक्शनमध्येच (इमारतीच्या उभ्या छेदाच्या चित्रात) सोडवून घ्या. नागपूर 21 अक्षांशावर. 21 मार्चला दुपारी सूर्य 69 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या 1.2 मी. उंच खिडकीला 450 मिमी छज्जा जवळपास पूर्ण सावली देतो. डिसेंबरात सूर्य 45 अंशांवर उतरतो, सावली वरच्या 45 सेंमीपुरती राहते आणि हवं ते ऊन आत येतं. तोच छज्जा पश्चिमेला कुचकामी, कारण सूर्य 30 अंशांवर असताना सावली जेमतेम 26 सेंमी. तिथे उभे लुव्हर (सावलीच्या पट्ट्या), गॅलरी किंवा जिना-संडासाची बाजू द्या. आणि उत्तरेला ऊन येत नाही हा परदेशी पुस्तकांतला नियम इथे चालत नाही. जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर ऊन असतं.

प्रश्नकर्ते
हेच गणित करणारं सॉफ्टवेअर केव्हा?

उत्तर 1
दहाव्या आठवड्यानंतर. आधी दिलं की रंगीत चित्रं येतात, पण चुकीची वेदर फाइल (गावाच्या हवामानाचे आकडे) लागली आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

उत्तर 3
रिकामा प्लॉट देऊ नका, असं माझं ठाम मत. उभी असलेली तीन मजली इमारत द्या आणि पाडायची असेल तर आधी तिच्यातल्या काँक्रीट-स्टीलचा हिशोब मागा. वरच्या मजल्यावर आठवडाभर तापमानाचा लॉगर (आपोआप नोंदी ठेवणारं यंत्र) लावा, भिंतीपासून दूर, दीड मीटर उंचीवर. इन्फ्रारेड गन (लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणारं यंत्र) चकचकीत पत्र्यावर खोटं, कमी तापमान दाखवते. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर मोजा.